यात दुष्काळ कुठे दिसतो?

आमच्या दैनिकाच्या बीडच्या कचेरीत, संपादकांच्या खोलीबाहेर एक लोखंडी कपाट होतं. त्यात जुन्या फोटोंची पाकिटं ठेवलेली असत. पुरुषांची पाकिटं नावानिशी होती. अमुक आमदार, तमुक चेअरमन, सभापती, कीर्तनकार. बायकांच्या पाकिटांवर नाव नसे, विषय असे. ‘बाई, हंडा, दुष्काळ.’ ‘बाई, कोयता, ऊसतोड.’ ‘बाई, आरती, नवरात्र.’ ‘महिला मेळावा, गर्दी.’ एक पाकीट ‘बाई, रडताना’ असंही होतं. अपघात असो, आग असो, गारपीट असो, ते पाकीट उघडलं की भागून जायचं. त्यातली एक म्हातारी तर जिल्ह्यातल्या निरनिराळ्या संकटांत इतकी वर्षं रडत होती की पानावर मजकूर-फोटो चिकटवणारा आमचा पेस्टिंगवाला तिला मावशी म्हणायचा.

मी नोकरीला लागले तेव्हा कचेरीत दुसरी बाई नव्हती. त्यामुळे शुक्रवारचं ‘बायकांचं पान’ आपोआप माझ्याकडे आलं. बाहेरच्यांना वाटतं, पान काढायचं म्हणजे लिहायचं. लिहिणं त्यात सगळ्यात कमी. पान म्हणजे चौकट भरणं. वर एक मोठा फोटो, त्याखाली लेख, उजवीकडे पाककृती, खाली केसांची निगा. फोटो पुण्या-मुंबईच्या संस्थांकडून टपालानं यायचे. मी पान हाती घेतलं तेव्हा हिरव्या मिरचीच्या ठेच्याच्या कृतीवर बर्फात उभी असलेली, लोकरीची टोपी घातलेली मुलगी छापून गेली होती. कुणी तक्रार केली नाही. तक्रार करायला बायकांच्या हातात पेपर पडायला तर हवा. पेपर गावात यायचा तो हॉटेलात. बायकांपर्यंत पोचायचा तो गूळ किंवा हरभऱ्याची डाळ बांधून.

ज्या तीन बायकांबद्दल लिहायला बसले आहे त्यांतली एक, महादेवीआक्का, मला पहिल्याच भेटीत म्हणाली होती, “तुमचं पान मी समदं वाचते. माझं किराना दुकान हाय ना, पुड्या बांधते त्यातच. पर अर्ध्यातच गिऱ्हाईक येतंय.”

ते साल दुष्काळाचं होतं. बीडमध्ये दुष्काळाचं नवल कुणाला नसतं, पण त्या वर्षी आष्टीकडच्या विहिरी हिवाळ्यातच तळाला गेल्या होत्या. आमचे संपादक अण्णा हेच दैनिकाचे मालक. तोंडानं फटकळ, मनानं बरे. त्यांनी मला बोलावलं. “आष्टीकडे जा. सलीमला ने बरोबर. पहिल्या पानाला एक बाई पाहिजे.”

सलीमभाई आमचे फोटोग्राफर. त्यांची स्कूटर, गळ्यात कॅमेरा, खिशात एकच रोल. तेव्हा फोटो मोजून काढावे लागत. सलीमभाई बटण दाबायच्या आधी जेवढा विचार करायचे तेवढा आमचे अग्रलेखवालेही करत नसत.

आष्टीच्या पुढे नगरच्या वाटेला एक वाडी आहे. तिला मी इथे पिंपळवाडी म्हणते. तिथे पोचलो तेव्हा आमच्या आधीच मुंबईच्या एका टीव्ही वाहिनीची गाडी कोरड्या विहिरीपाशी उभी होती. एक तरुण वार्ताहर मुलगी आणि एक कॅमेरावाला. भोवती गावातल्या बायका. आम्ही कडेला थांबलो.

त्या मुलीनं एका काटक बाईला निवडलं होतं. ही द्वारकाबाई. चाळिशी ओलांडलेली, काळीसावळी, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा, मनगटाला पुरुषी घड्याळ.

“काकू, तो चष्मा जरा काढाल का? आणि घड्याळपण.”

“कावून?” द्वारकाबाईनं विचारलं.

“म्हणजे, जरा नैसर्गिक वाटायला हवं.”

“चष्मा काढला तर मला तुमीच दिसनार न्हाई. मग बोलू कुनाशी?”

बायका हसल्या. ती मुलगीही हसली. मग तिनं द्वारकाबाईशेजारच्या बाईला नाव विचारलं. उंच, सरळ बांध्याची, डोक्यावरून ओढणी नीट घेतलेली.

“जैतुनबी.”

मुलगी थोडी थांबली. “तुम्ही जरा बाजूला उभ्या राहता का? तुमच्यावर आपण वेगळं करू. तुमच्या समाजातल्या बायकांचे प्रश्न वगैरे.”

“माझ्या गाईला चारा न्हाई,” जैतुनबी शांतपणे म्हणाली. “ह्यो कुठल्या समाजाचा प्रश्न हाय?”

तिसरी महादेवीआक्का. लिंगायत वाण्याच्या घरची, विधवा, गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग, अंगानं चांगली भरलेली. तिच्याकडे बघून कॅमेरावाला मुलीच्या कानात काहीतरी पुटपुटला. आक्काचे कान तिखट. “वाळायला येळ लागंल बाबा मला,” ती म्हणाली. “तुमी दिवाळीला या.”

शेवटी त्या मुलीनं सगळ्यांना विनंती केली की घरातून रिकामे हंडे आणा आणि विहिरीच्या काठावर ओळीनं उभ्या राहा. बायका द्वारकाबाईकडे बघू लागल्या. द्वारकाबाईचा आवाज जराही चढला नाही.

“टँकर सकाळीच येऊन गेला, बाई. हंडे भरलेले हायत. रिकामे पायजे तर पानी ओतावं लागंल. ओतू का?”

कॅमेरावाल्यानं कॅमेरा खांद्यावरून खाली घेतला.

जाताना ती मुलगी माझ्यापाशी आली. कपाळावरचा घाम पुसत म्हणाली, “मॅडम, चित्र मला ऑफिसातूनच सांगून पाठवतात. तसं नाही नेलं तर बातमी लागत नाही.” तिचा राग करण्यासारखं काही नव्हतं. तिच्याही कचेरीत एखादं कपाट असणारच. पुढच्या कुठल्या तरी गावात तिला हवी तशी बाई मिळाली, कारण दुसऱ्या दिवशी ती टीव्हीवर दिसली.

गाडी गेल्यावर द्वारकाबाई आमच्याकडे वळली. “आन तुमाला कसली बाई पायजे?”

सलीमभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “मला तुमचं चाललंय काय ते बघायचंय. बाकी नंतर.”

त्यांनी आम्हाला महादेवीआक्काच्या दुकानाच्या ओसरीत नेलं. तिथे दुधाचे कॅन पालथे घातलेले होते, एका बाजूला टेबल, टेबलावर दुधाची फॅट बघायच्या काचेच्या नळ्या आणि हातानं फिरवायचं एक गोल यंत्र. भिंतीवर पाटी होती, महिला दूध उत्पादक संस्थेची.

गावात आधी पुरुषांची दूध संस्था होती. दोन भावक्यांच्या भांडणात ती बंद पडली. दूध गोळा करणारी गाडी यायची थांबली. गाई दुभत्या आणि दूध घरात नासायला लागलं. द्वारकाबाई लग्न झाल्यापासून नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायची. एका वर्षी तिनं ठरवलं की यंदा कोयता हातात धरायचा नाही, गाय सांभाळायची. आणि नेमकी संस्था बंद झाली. तिनं दारोदार फिरून बायका जमवल्या. संस्थेला जागा पाहिजे होती, महादेवीआक्कानं ओसरी दिली. दूध तपासायला माणूस पाहिजे होतं, तिथे सगळं अडलं. तपासणारा एका भावकीचा असला की दुसरी भावकी म्हणणार, आमची फॅट मुद्दाम कमी लावली. तेव्हा महादेवीआक्का म्हणाली, जैतुनबीला बसवा. जैतुनबीचा नवरा टेम्पो चालवायचा, दोन्ही भावक्यांशी तिचं सारखंच येणंजाणं. ती आष्टीला जाऊन नळ्या धरायला शिकून आली. तेव्हापासून तिनं आकडा सांगितला की कुणी दुसऱ्यांदा विचारत नसे.

“भांडन झालं न्हाई का कधी?” सलीमभाईंनी विचारलं.

“झालं की,” महादेवीआक्का म्हणाली. “माझ्याच दुधात एकदा पानी निगालं. हिनं सगळ्यांम्होरं सांगितलं. माझ्याच ओसरीत बसून.”

“मग?”

“मग काय. गडी सांगितला हुता धार काढायला, त्याला काढून टाकला. आता म्या सोता काढते.”

जैतुनबी नळी पुसत होती. तिनं मान वर केली नाही, पण तिच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू होतं.

चारा संपत आला होता. उसाचं वाढं नगरकडून आणावं लागत होतं आणि तेही मिळेनासं झालेलं. म्हणून संस्थेनं सरकारकडे अर्ज केला होता, गावात जनावरांसाठी चारा छावणी सुरू करा, आम्ही चालवतो. अर्ज तहसीलमध्ये होता.

मी म्हटलं, फोटो काढू या. तर तिघी म्हणाल्या, थांबा जरा, आणि निघून गेल्या. सलीमभाई आभाळाकडे बघत म्हणाले, “म्याडम, उजेड चाललाय.” तिघी आल्या त्या तोंड धुऊन, केस विंचरून, ठेवणीतल्या साड्या नेसून. द्वारकाबाईनं चष्म्याच्या काचा पदरानं लख्ख पुसल्या होत्या. जैतुनबीच्या हातात फॅटची नळी. महादेवीआक्कानं आपली गाय आणली होती. दुकानातली पेंड आणि डाळीचा चुरा खाऊन ती गाय गावातल्या इतर जनावरांपेक्षा बरी होती. तिघी पाटीपुढे ताठ उभ्या राहिल्या, लग्नातल्यासारख्या. सलीमभाईंनी डोळा लावला आणि त्याच वेळी गाईनं आक्काचा पदर तोंडात धरून चघळायला सुरुवात केली. तिघी एकदम हसल्या. बटण दाबलं गेलं.

मी त्या कचेरीत शेकडो फोटो हाताळले असतील. इतकी मोकळी हसणारी बाई आमच्या कपाटात एकही नव्हती.

अण्णांनी फोटो बराच वेळ पाहिला. “फोटो झकास आहे,” ते म्हणाले. “पण यात दुष्काळ कुठे दिसतो?”

“मागचं झाड बघा ना. एक पान नाही त्याला.”

“वाचक मागचं झाड बघत नाही. तोंड बघतो. हा तू तुझ्या पानाला घे.”

पहिल्या पानावर पाकिटातली हंडेवाली गेली. ती कोण, कुठली, त्या साली हयात तरी होती का, देव जाणे. शुक्रवारी माझ्या पानावर या तिघी आल्या, अर्धं पान व्यापून. फोटोखालच्या ओळीला आम्ही फोटोओळ म्हणतो. वाचक बातमी सोडतो, लेख तर सोडतोच, फोटोओळ सोडत नाही. ती मी तिघींना विचारूनच लिहिली होती. द्वारकाबाईला मी म्हटलं होतं, “अध्यक्षा लिहू ना?” ती म्हणाली, “चेअरमन लिवा. साखर कारखान्याच्या मानसाला तुमी चेअरमनच म्हनता न्हवं?” म्हणून तसं लिहिलं. चेअरमन द्वारकाबाई, दूध तपासणीस जैतुनबी, संचालक महादेवी. पुढे आडनावं, पूर्ण.

पुढच्या आठवड्यात आमच्या आष्टीच्या पेपर एजंटचा फोन आला. “बाई, तुमचं पान तहसीलच्या टेबलावर गेलंय.”

झालं होतं असं. तालुक्यातल्या दुसऱ्या एका मोठ्या गावातल्या पुढाऱ्यालाही आपल्या गावात छावणी हवी होती. छावणी म्हणजे चाऱ्याचे ट्रक, माणसं, वर्दळ, मान. त्यानं ते पान घडी घालून बैठकीला नेलं आणि सगळ्यांसमोर पसरलं. “ही बघा पिंपळवाडीची दुष्काळग्रस्त मंडळी. खदाखदा हसतेत. गाय बघा कशी टम्म हाय. ह्यांना कशाला पायजे छावणी?” लोक हसले. संस्थेचा अर्ज बाजूला पडला. छावणी त्या पुढाऱ्याच्या गावात मंजूर झाली. ते गाव इतकं लांब, की अशक्त जनावरं तिथे नेणं आणि बायकांनी घरदार सोडून तिथे राहणं, दोन्ही होण्यासारखं नव्हतं.

मी अण्णांना सांगितलं. ते मग म्हणाले, “त्यांना विचार. दुसरा फोटो काढू देतील का? जसा लागतो तसा. पहिल्या पानावर, चार कॉलम देतो. तहसीलदाराला छावणी द्यावीच लागेल.” अण्णा मनापासून बोलत होते. त्यांना त्या पानाची ताकद माहीत होती.

तो निरोप घेऊन मी आणि सलीमभाई पुन्हा पिंपळवाडीला गेलो. ओसरीत संस्थेच्या बायका जमल्या होत्या. आमचं स्वागत थंड झालं. एक पोरसवदा सून फटकन म्हणाली, “त्या दिवशी हंडा घिऊन उभं ऱ्हायलं असतं तर काय झिजलं असतं का?” दोघीचौघींनी माना हलवल्या. मी अण्णांचा निरोप जसाच्या तसा सांगितला. त्यात भर घातली नाही, काही लपवलंही नाही. निर्णय त्यांचा होता.

आधी महादेवीआक्का बोलली. “काढू द्या की फोटू. पदर डोळ्याला लावायचा, झालं. गाईला काय कळतंय फोटूतलं? तिला वैरन कळती.”

“मी न्हाई उभी ऱ्हानार,” द्वारकाबाई म्हणाली.

“कावून पर? एवढा कसला ताठा?”

द्वारकाबाईनं चष्मा काढून हातात घेतला. मग तिनं जे सांगितलं ते तिनं आधी कुणालाच सांगितलेलं नव्हतं, हे बाकीच्यांच्या चेहऱ्यांवरून कळत होतं.

“मी तोडीला व्हते तवा माझा फोटू आलता एकदा पेपरात. डोस्क्यावर मोळी, कडंला लेकरू. खाली नाव न्हवतं. कारखान्याच्या हापिसात त्यो फोटू चौकट करून लावलेला. एकदा मी तिथल्या बाबूला म्हनलं, सायेब, ही मी हाय. त्यो माझ्याकडं बगून म्हनला, असल्या लई असत्यात.” तिनं काच पदरानं पुसली. “कडंवरचं लेकरू पुढच्या सालीच गेलं माझं. त्याचा तेवढाच फोटू. मागायची हिंमत झाली न्हाई. मीच न्हवते त्यात, तर मागू कशी?”

तिनं चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

“आता कुठं नावानिशी छापून आलंय,” ती म्हणाली. “परत बिननावाची व्हनार न्हाई मी.”

महादेवीआक्काच्या डोळ्यांत पाणी होतं, पण तिनं आपला मुद्दा सोडला नाही, आणि त्यासाठीही मला तिचं कौतुक वाटतं. ती म्हणाली, “समदं खरं हाय, द्वारके. पर नाव गाय खात न्हाई.”

मला दोघींचं पटत होतं आणि दोघींचं पटून उपयोग नव्हता.

मग जैतुनबी बोलली. ती शेवटी बोलायची, नळीतला आकडा स्थिर झाल्यावर सांगायची तसं. “फोटू खरा हाय. त्यात खोटं काय न्हाई. आमी हसलो ते खरं, आन चारा न्हाई ते बी खरं. आक्काची गाय तेवढी धडधाकट, बाकीच्या त्यात आल्याच न्हाईत. त्या सायेबाला दुष्काळ बगायचा हाय ना? आपल्या तोंडावर कशाला हुडकतोय? गाईच्या बरगड्यांवर बग म्हनावं. नेऊ या त्याच्या दारात.”

“एवढ्या लांब चालतील का जनावरं?” कुणीतरी विचारलं.

“हळू नेऊ. चालनारी तेवढीच नेऊ.”

आक्का गुडघ्यावर हात ठेवून उठली. “मग मी बी येते. दुकान ऱ्हाऊ द्या बंद.”

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत त्या निघाल्या. आम्ही स्कूटर ढकलत बरोबर. बायकांनी ठेवणीतल्या साड्या नेसल्या होत्या, त्या तिघींनी तर फोटोतल्याच. ही कल्पना त्या तरुण सुनेची. ती म्हणाली, फोटोतल्या बायका त्याच हायत हे सायेबाला कळलं पायजे. पुढे द्वारकाबाई, तिच्यामागे दाव्यांना धरलेल्या गाई, हाडांचे सापळे नुसते. मध्ये जैतुनबी, एकेका गाईच्या पाठीवर हात ठेवत, कोणती थांबवायची, कोणती चालवायची ते बघत. सगळ्यात मागे महादेवीआक्का, धापा टाकत, दगड दिसेल तिथे टेकत आणि पुन्हा उठत. रस्त्यावरच्या ट्रकवाल्यांनी गाड्या कडेला घेतल्या. एका हॉटेलवाल्यानं जनावरांपुढे पाण्याच्या बादल्या ठेवल्या, त्या वर्षी पाण्याची बादली काय असते हे माहीत असूनही.

तहसीलच्या आवारात गाई शिरल्या तेव्हा शिपाई धावत आला. मग कारकून आले, आणि शेवटी तहसीलदार स्वतः पायरीवर येऊन उभे राहिले. तरुण अधिकारी होते, नुकतेच बदलून आलेले. त्यांनी बायकांकडे पाहिलं आणि त्यांना ओळख पटली.

“पेपरात फोटो आला होता तो तुमचाच का?”

“आमचाच,” द्वारकाबाई म्हणाली. “लुगडी बी तीच हायत.”

“मग त्यात तर तुम्ही…”

“हसतोय. व्हय. सायेब, चारा आमाला खायाचा न्हाई. ज्यांना खायाचाय त्यांना घिऊन आलोय. त्यांची तोंडं बगा.”

त्याच वेळी मागे एक गाय गुडघे मोडून खाली बसली. ती तरुण सुनेची गाय. सून तिच्या गळ्यात हात घालून उठवू लागली, गाय उठेना. जैतुनबीनं जाऊन गाईच्या डोळ्याची पापणी उलटून पाहिली आणि सुनेच्या डोक्यावर हात ठेवला. तहसीलदार पायऱ्या उतरून खाली आले. त्यांनी त्या गाईजवळ उकिडवं बसून तिच्या बरगड्यांवरून हात फिरवला. मग कारकुनाला म्हणाले, “पिंपळवाडीचा अर्ज काढा. आणि मी उद्या तिथे जाणार आहे.”

सलीमभाईंनी तेव्हाच फोटो काढला. मी अण्णांपुढे ठेवला. पुढे चांगल्या साड्यांतल्या, ताठ मानेच्या बायका. मागे त्या गाई. या वेळी अण्णांनी दुष्काळ कुठे आहे ते विचारलं नाही. फक्त म्हणाले, “फोटोओळ लांबतेय.”

“बायका पुष्कळ आहेत,” मी म्हटलं.

“असू दे,” ते म्हणाले, आणि वरच्या मथळ्यातला एक शब्द स्वतःच्या हातानं कापून ओळीला जागा करून दिली. पहिल्या पानावर, बायकांच्या नावांसकट, तो फोटो गेला.

छावणी मंजूर झाली, पण कागद हलायला वेळ गेला. सुनेची ती गाय परत आलीच नाही, आष्टीतच गेली. द्वारकाबाईला आपली एक गाय बाजारात द्यावी लागली. पहिलाच फोटो हंडे घेऊन काढला असता तर कदाचित या दोन्ही गाई वाचल्या असत्या. हा हिशोब मी मनाशी पुष्कळदा मांडला आहे आणि तो कधी जुळत नाही. त्या सुनेला मात्र संस्थेनं पुढच्या साली पहिली कालवड दिली. तसं ओसरीतच ठरलं, एकीनंही नको म्हटलं नाही.

छावणी त्या बायकांनी अशी चालवली की बाकीच्या छावण्यांवरचे लोक बघायला येत. दावणीला गाव, भावकी, जात असलं काही नव्हतं. जनावर आजारी असलं तर पुढे, नसलं तर मागे, आणि ते जैतुनबी ठरवायची. माझ्या पानाची पाककृती हळूहळू कोपऱ्यात गेली. तेलगावची ट्रॅक्टर चालवणारी बाई, दिंद्रुडच्या बाजारात अडत सांभाळणारी बाई, तांड्यावरून रोज सायकलनं शाळेत येणारी शिक्षिका अशा कितीतरी जणी पुढे त्या पानावर आल्या, आपापल्या नावानं, आपापल्या कामाच्या जागी उभ्या राहून. सगळ्याच हसल्या नाहीत. एक तर इतकी रागावलेली आली होती की तिचा फोटो बघून अण्णा म्हणाले, ही आपल्यावरच खटला भरणार. मला तो फोटो फार आवडायचा.

महादेवीआक्का काही वर्षांनी गेली. शेवटपर्यंत दुकानात बसत होती. मी भेटायला गेले तेव्हा म्हणाली, “तुमच्या पानात आता पुड्या बांधवत न्हाईत. कुनाचं ना कुनाचं तोंड असतंय.”

माझ्या नोकरीच्या शेवटच्या काळात तालुका दूध संघाची निवडणूक झाली. द्वारकाबाई उभी राहिली, तीही सर्वसाधारण जागेवर. लोकांनी समजावलं की महिला राखीव घ्या, सोपं जाईल. ती म्हणाली, “राखीव दुसऱ्या बाईला ऱ्हाऊ द्या. एका जागेवर दोघींनी कशाला बसायचं?” राखीव जागेवर जैतुनबी उभी राहिली. मतमोजणीच्या दिवशी मी आष्टीला गेले. दोघी निवडून आल्या. पुढाऱ्यांच्या पॅनलमधले जुने मातब्बर पडले.

दोघी हॉलबाहेर आल्या तेव्हा वार्ताहरांचा गराडा पडला. तोवर वाहिन्या वाढल्या होत्या, पाच-सहा माईक एकदम द्वारकाबाईच्या तोंडापुढे आले. आतून निवडून आलेले पुरुषही बाहेर पडत होते. त्यांना लोक विचारत होते, संघाचा तोटा कसा भरून काढणार, दर काय देणार. द्वारकाबाईला एकानं विचारलं, “काकू, कसं वाटतंय?” दुसऱ्यानंही तेच विचारलं. तिसऱ्या मुलीनंही.

द्वारकाबाईनं चष्मा वर सरकवला. “कसं वाटतंय ते घरी गेल्यावर बगू,” ती म्हणाली. “काय करनार ते इचारा.”

मग त्या तिसऱ्या मुलीनं विचारलं, “काय करणार?”

“पैलं, संघाच्या गाड्यांच्या येळा,” द्वारकाबाईनं सुरुवात केली.

“पैलं काटे,” शेजारून जैतुनबी म्हणाली. “सगळ्या गावांतले वजनकाटे तपासायचे.”

“हां. पैलं काटे,” द्वारकाबाई म्हणाली. “लिवा.”

ती बोलत गेली, मध्ये जैतुनबी भर घालत गेली, आणि आम्ही सगळे खाली माना घालून लिहीत गेलो.